एक फायनल उकिडवं बसून

चिनू आणि सई,

क्रिकेटच्या मैदानावर आपल्या वरच्या अण्णांइतका वेळ कोणीही बसलेलं नाही, हे मी तुम्हाला अगदी खात्रीने सांगते. धावलेले पुष्कळ असतील, पडलेलेही असतील. पण मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत, पायांना पॅड बांधून, डोक्यावर टोपी घालून, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या मैदानांच्या कडेला, लोखंडी खुर्चीत, प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि खुर्च्या पाहुण्यांना लागल्या तर किटच्या पेटीवर इतक्या निष्ठेने बसलेला दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

हे आज लिहायला बसले त्याला कारण चिनू, तू आहेस. रविवारी फोनवर तू म्हणालास की बेसबॉलच्या टीममध्ये तुला दुसरा कॅचर केलंय, पहिला कॅचर कधी आजारीच पडत नाही, आणि तू आता हे सगळं सोडून देणार आहेस. मागून तुझी आई म्हणाली, "आई, तूच समजाव गं त्याला." बेसबॉलमधलं मला एवढंच कळतं की तुमचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर. दोघेही बॅट्समनच्या पाठीमागे उकिडवे बसतात आणि दोघांचेही गुडघे लवकर जातात. पण दुसरा कॅचर म्हणजे काय, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं तुझ्या कोचलाही ठाऊक नसेल. असा एक दुसरा कॅचर, म्हणजे आपले अण्णा, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. तुम्ही लहान असताना सुट्टीत आला होतात तेव्हा सईने त्यांचं नाव "हळदआजोबा" ठेवलं होतं. तेव्हा त्यांचे केसही धड पिकले नव्हते, तरी त्यांनी ते नाव आनंदाने घेतलं. मिळेल ते घ्यायची त्यांना सवयच होती.

हळदआजोबा हे नाव मात्र अगदी चपखल होतं. अण्णांच्या घरचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान होतं, ते त्यांचे थोरले भाऊ चालवत. अण्णांनीही गादीवर बसावं अशी घरची अपेक्षा, आणि अण्णा बसतही, पण फक्त क्रिकेटचा मोसम नसताना. भाऊ चिडून म्हणायचे, "दुकानात बस म्हटलं की ह्याची पाठ दुखती, आणि तिकडं दिवसभर बसतोय तवा दुखत न्हाई!" नेटमध्ये चेंडू अडवून अडवून अण्णांची बोटं कायम सुजलेली असत, आणि घरचीच असल्यामुळे ते हळदीचा लेप सढळ हाताने थापत. तळवे, बोटं, नखं, मनगटापर्यंत सगळं पिवळंधमक. परगावच्या मैदानावर गेले की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय पाव्हणं, लग्न कधी?" अण्णा लाजून म्हणायचे, "झालंय वो. पोरगी धावीला हाय."

या पिवळ्या हातांचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. दुपारी जेवणं आटोपली की अण्णा आपल्या जिन्याखाली उकिडवे बसायचे आणि समोरच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून उघड्या हातांनी झेलायचे. ठप, ठप, ठप. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, दुपारची झोप मला निवृत्तीनंतर मिळाली, आणि तीही या ठप-ठपने गेली. बरं, चेंडू हळदीच्या हातातून जाणार, म्हणजे भिंतीवर प्रत्येक ठिकाणी एक पिवळा गोल. माझी भिंत पांढरी होती. मी खाली उतरून म्हणायची, "अण्णा, हे काय चालवलंय?" ते चटकन उभे राहायचे, हात पाठीमागे लपवायचे आणि म्हणायचे, "काकू, रंग मी लावून देतो. फकस्त फायनल होऊ द्या."

ही फायनल म्हणजे काय ते सांगते. अण्णा शाळा-कॉलेजात उत्तम कीपर होते म्हणे. पुढे कराडकडच्या एका साखर कारखान्याने त्यांना टीमसाठी म्हणून नोकरीवर घेतलं, मग साताऱ्यातल्या एका बँकेने, मग लोणंदच्या एका क्लबने, मग उंब्रजच्या, आणि अलीकडे जिथे जिथे लिलाव करून टीम बनवतात तिथे तिथे. घेतलं सगळ्यांनी, पण राखीव कीपर म्हणून. त्यांच्या टीम बऱ्याच वेळा फायनलला गेल्या. अण्णा त्या सगळ्या फायनल खुर्चीत बसून बघून आले. एकदा संध्याकाळी जिन्यात ते मला म्हणाले, "काकू, आमी कप मागत न्हाई. सगळ्या फायनल खुर्चीतनं बघितल्या, एक तेवढी उकिडवं बसून बघायचीय. मग बास." एवढी एकच इच्छा. माणसं परदेशवारी मागतात, बंगला मागतात. या गृहस्थाला फक्त गुडघे मोडून बसायचं होतं.

मग ते पहिले कीपर का झाले नाहीत? मी हा प्रश्न त्यांच्या एका कप्तानाला आपल्याच ओट्यावर चहा देताना विचारला होता. तो म्हणाला, "काकू, कीपर निवडताना आधी बॅटिंग बघत्यात." आणि अण्णांची बॅटिंग म्हणजे येताना पंचांना नमस्कार आणि जाताना पंचांना नमस्कार, मधे विशेष काही नाही. दुसरं कारण जास्त वाईट होतं. अण्णांच्या ग्लोव्जमध्ये चेंडू शिरला की असा काही खणखणीत आवाज निघायचा की साध्या बॉलरलाही आपण तोफ आहोत असं वाटू लागायचं. तो आवाज आपोआप येत नसे. कुठल्या बोटाच्या मुळाशी चेंडू घ्यायचा, हात किती मागे न्यायचा, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. मॅचच्या आधी अर्धा तास बॉलर अण्णांसमोर टाकायचा आणि छाती फुगवून मैदानात जायचा. तिथे मग दुसराच कीपर आणि भिजक्या पोत्यावर पडल्यासारखा आवाज. तो कप्तान हसत म्हणाला, "अण्णा आत गेले तर आमच्या बॉलरला बाहेर कोण फुगवणार?" वर गॅलरीत अण्णा ग्लोव्ज वाळत घालत होते. त्यांना ते ऐकू गेलं असावं. चिमट्यांचा आवाज मधेच थांबला होता.

ग्लोव्जचीही एक कथा आहे. कोणी एका कोचने त्यांना सांगितलं की पूर्वीचे इंग्रज कीपर हाताला मार बसू नये म्हणून ग्लोव्जच्या आत मांसाचा तुकडा ठेवायचे. अण्णा जैन, कांदा-बटाटाही न खाणारे. ते ऐकून त्यांना दिवसभर जेवण गेलं नाही. पण कल्पना मात्र डोक्यात राहिली. त्यांनी काकडी करून पाहिली, ती फुटली. मग दुधी भोपळ्याची बेताची चकती कापून आत बसवली आणि ती इतकी जमली की पुढे मोसमभर आमच्या भाजीवाल्याकडे दुधी मिळेनासा झाला. अण्णांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, ती माझ्याकडे येऊन म्हणायची, "काकू, आमच्यात भोपळा पोटाला कमी आन् हाताला जास्त. काल पाव्हण्यांनी विचारलं, कसला वास येतोय. काय सांगू, मालक कीपर हायत म्हणून सांगू?" एकदा ते चकत्या काढायला विसरले आणि ग्लोव्ज आठवडाभर पेटीत राहिले. त्यानंतर त्या टीमने त्यांच्यासाठी वेगळी पेटी दिली. अण्णांना तो मोठा सन्मान वाटला.

माणूस इतका सज्जन की स्वतःच्या नशिबाच्या आड येणाऱ्याचीच सेवा करायचा. पहिल्या कीपरला खोकला झाला की अण्णा घरून हळदीचा काढा न्यायचे. त्याचा घोटा सुजला तर लेप लावून द्यायचे, आणि हळद चांगली असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन खेळायचा. एके दिवशी वहिनीने ताट वाढलं तर अण्णा उपाशी. पर्युषण नाही, अष्टमी-चतुर्दशी नाही. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "काल मॅचला बसलो असताना मनात आलं, ह्याचा पाय जरा मुरगळावा. जास्त न्हाई, जरासाच. पाप ते पापच की, काकू. म्हणून आज उपास." त्या कीपरचा पाय मुरगळला नाही. उपास मात्र झाला.

आणि मुरगळून तरी काय उपयोग होता! क्रिकेटचा तेव्हा नियमच असा होता की चालू सामन्यात कीपर जखमी झाला तर बाहेरून आलेल्या बदली खेळाडूला कीपिंग करता येत नसे. मैदानातल्याच कोणीतरी ग्लोव्ज घालायचे. म्हणजे अण्णा इतकी वर्षं पॅड बांधून ज्या घटनेची वाट पाहत होते, ती घडली असती तरी त्यांना आत जाता आलं नसतं. मी ते नियम नीट वाचून त्यांना विचारलं, "अण्णा, मग तुम्ही पॅड कशाला बांधता?" ते म्हणाले, "बांधल्यावर बरं वाटतं, काकू." पुढे तो नियम बदलला. पंचांची परवानगी असेल तर बदली खेळाडूलाही कीपिंग करता येईल, असं ठरलं. अण्णांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अण्णांच्या आईला क्रिकेट पसंत नव्हतं. पण पोरगा ऐकेना तेव्हा त्या माउलीने सौदा केला: खेळ, गावोगाव जा, पण दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, आणि ताट तसंच टाकून उठायचं नाही, शेवटचा घास संपवून ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कणही वाया जाऊ नये, त्यात जीव पडू नयेत, म्हणून त्यांच्यात तशी रीत आहे. अण्णांनी आईच्या पायाला हात लावून कबूल केलं. पुढे आई गेल्या, तरी शब्द राहिला. कुठल्याही मैदानावर ऊन कलू लागलं की अण्णा खुर्चीखालून डबा काढायचे आणि सूर्याकडे बघत बघत जेवायचे. बाकीचे खेळाडू स्कोअरबोर्डकडे बघायचे, अण्णा सूर्याकडे.

नियम बदलल्यावर अण्णांची टीम पुन्हा एकदा फायनलला गेली, आणि ती फायनल इथे सांगलीतच होती. वहिनी म्हणाली, "काकू, चला की, एवढ्या वर्षांत एकदा तरी बघा आमच्या मालकांचं बसणं." म्हणून मी छत्री घेऊन गेले. सामना सकाळी लवकर सुरू व्हायचा होता, पण प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर युवकांनी वेळेचं महत्त्व ओळखावं यावर पुष्कळ बोलले. त्यामुळे शेवटची षटकं आली तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला होता. अण्णांची टीम जिंकत आली होती. समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती. अण्णांनी डबा उघडला. भाकरी, मुगाची आमटी, दहीभात. आम्ही त्यांच्या मागेच बसलो होतो.

आणि तेवढ्यात एक चेंडू उसळून पहिल्या कीपरच्या अंगठ्यावर बसला. तो ग्लोव्ज टाकून खालीच बसला. रक्त लांबूनही दिसत होतं. मी वहिनीचा हात धरला. वहिनीने माझा जास्त जोरात धरला. कप्तानाने पंचांशी काहीतरी बोलून आमच्या दिशेने हात हलवला आणि ओरडला, "अण्णा! या लवकर! ग्लोव्ज घाला!"

"आलो रं, आलो!" अण्णा म्हणाले. डब्यात थोडा दहीभात उरला होता.

वहिनी उभीच राहिली. "आवं उठा की! तुमालाच बोलवत्यात!"

"दोन घास ऱ्हायल्यात."

"टाका ते! आयुष्य गेलं ह्याच्यापायी, टाका!"

अण्णांनी घास घेतले. घाईने घेतले, पण घेतले. मग डब्यात पाणी ओतलं, पिवळ्या बोटाने कडेचं शीत खाली ढकललं, डबा गोल फिरवला आणि ते पाणी प्यायले. मैदानावर पंच घड्याळाकडे बोट दाखवत होते. उजेड जातोय, ताबडतोब कीपर उभा करा नाहीतर सामना थांबवतो, असं ते म्हणाले, हे आम्हाला नंतर कळलं. सामना थांबला असता तर हातातला विजय गेला असता. कप्तानाने एकदा इकडे पाहिलं. मग खाली पडलेले ग्लोव्ज उचलून त्याने स्लिपमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात दिले.

अण्णा ग्लोव्ज घालत धावले. पॅड बांधलेलेच होते. ते नेहमीच बांधलेले असत. ते सीमारेषेपाशी पोचले तेव्हा बॉलर धावायला लागला होता. त्यांचा एक पाय रेषेच्या आत होता, तो त्यांनी मागे घेतला. चेंडू पडला, बॅटची कड लागली, आणि त्या स्लिपमधल्या माणसाने, ज्याने जन्मात कीपिंग केलं नव्हतं, झेल घेतला. टीम जिंकली. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. अण्णा रेषेवर उभे होते. बाकी सगळ्या फायनल त्यांनी बसून पाहिल्या होत्या, ही उभं राहून पाहिली. उकिडवी राहिलीच.

कपाबरोबरच्या फोटोत ते आहेत. अगदी कडेला, पांढरेशुभ्र पॅड, आणि काखेत डबा.

घरी येताना आम्ही तिघं एका रिक्षात बसलो. डबा मांडीवर ठेवून अण्णा म्हणाले, "काकू, आईला शब्द दिल्ता. ताट टाकून उठलो असतो तर खेळायची परवानगीच संपली असती की. मग कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो?"

वहिनीने पदर तोंडाला लावला होता. ती एकदम उसळली, "सासूबाई असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या, ऊठ रं मुडद्या, पळ! मी धुती ताट!"

अण्णा माझ्याकडे वळले आणि वर्गातल्या मुलाने बाईंना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हणाली असती का वो, काकू?"

मुलांनो, मी जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी मी रिक्षावाल्याला आपल्या गल्लीचं वळण तेवढं दाखवलं.

पुढच्या वर्षी ते पुन्हा लिलावाला गेले. हल्ली मंगल कार्यालयात लिलाव असतो, स्टेजवरून एकेकाचं नाव पुकारतात आणि टीमचे मालक बोली लावतात. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना कलप लावून गेले. त्यांचं नाव शेवटी होतं. ते पुकारायच्या आत जेवणाची पंगत बसली आणि सगळे उठून गेले. पुकारणाऱ्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून नाव वाचलं, आणि माइक बंद केला. अण्णांनी मला हे हसत हसत सांगितलं. म्हणाले, "पंगतीनंच घात केला बघा पुन्हा." मग वर गेले. त्या दिवसापासून दुपारची ठप-ठप थांबली. मला झोप येऊ लागायला हवी होती, ती काही आली नाही.

आता त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. भावांची वाटणी झाली, दुकान थोरल्यांकडे राहिलं, आणि अण्णा-वहिनी शिराळ्याकडे वहिनीच्या माहेरच्या गावी राहायला गेले. परवा त्यांचा फोन आला होता. मी विचारलं, टीव्हीवर तरी क्रिकेट बघता ना? "न्हाई काकू," ते म्हणाले, "आता बसवत न्हाई." मी चिनूबद्दल सांगितलं. ते एकदम उत्साहात आले. "पोराला म्हणावं, आवाज काढायला शीक. कसा काढायचा ते मी फोनवर दावतो." मग जरा थांबून म्हणाले, "न्हाई, नको. ते नको शिकवायला."

तेव्हा चिनू, खेळ सोड किंवा सोडू नकोस, मी तुला काहीच सांगत नाही. अण्णांच्या गोष्टीतून घेण्यासारखं काही असेल असं मला वाटलं होतं, म्हणून लिहायला बसले. लिहून झाल्यावर तसं काही सापडलं नाही. फक्त त्यांची आठवण फार आली.

दिवाळीच्या आधी मी घराचं रंगकाम काढलं. रंगारी जिन्याखाली घासायचा कागद घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, हे डाग लय जुनं हायत, पर निघतील." मला अस्वच्छता चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याला तेवढी जागा सोडायला सांगितली. बाकी घर पांढरंशुभ्र झालं आहे. जिन्याखालच्या भिंतीवर, उकिडवं बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पिवळे गोल अजून आहेत.